निळ्या कांतीची माणसं

सिओना बेंजामिन यांच्या चित्रांतल्या बायकांची कांती निळी असते. अंगावर साडी, हातांवर मेंदी, आणि गोष्ट मात्र ज्यू कथांतल्या सारा, एस्तेर, लिलिथ यांची. सिओना मुंबईत १९६० साली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या कुटुंबात जन्मल्या. शाळा कॅथलिक आणि पारशी, आजूबाजूला हिंदू आणि मुसलमान, पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि मग अमेरिका. निळा रंग त्यांनी ठरवून घेतला. आभाळाचा, समुद्राचा रंग. तो कुठल्याच एका देशाचा नाही. त्यांच्या एका चित्रमालिकेचं नाव आहे 'फाइंडिंग होम'. हॅल रूबेनस्टाइन यांनी २०१५ साली त्यांच्यावर 'ब्लू लाइक मी' हा माहितीपट केला.

ओमानमधल्या अझैब्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ही निळी कांती समजावून सांगावी लागत नाही. आमचं इथलं राहणं रेसिडेंट कार्डाच्या मुदतीवर चालतं. मुलं इथे वाढतात, सुट्टीत पुण्या-मुंबईला पाहुण्यासारखी जातात आणि "तुम्ही कुठले?" म्हटलं की आमच्या तोंडाकडे बघतात.

सिओनांचं मला सर्वांत मोठं वाटतं ते काम वेगळंच आहे. २०१०-११ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या भारतात गेल्या आणि तिथल्या ज्यू माणसांना भेटत फिरल्या. फोटो काढले, त्यांच्या आठवणी ऐकल्या, आणि नंतर त्या चेहऱ्यांभोवती रंगांनी, नक्षीने त्यांची कहाणी विणली. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला गेली. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला अभ्यासकांचं कुतूहल आलं, पण त्यांना समोर बसवून, निरखून, मानाने रंगवणारं कुणी हवं होतं. मी याला दानच म्हणेन. पैशाचं दान समाजाला इमारत देतं. हे दान माणसाला त्याचा चेहरा देतं.

इमारतींचं दानही या समाजातल्या मंडळींनी कमी केलं नाही. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे एली कदूरी यांच्या देणगीमुळे माझगावच्या त्या शाळेला त्यांचं नाव मिळालं. आज तिथे शिकणारी मुलं बहुतांशी इतर धर्मांची आहेत. शाळेचं याहून चांगलं काय व्हायचं होतं!

पण वारसा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मलिद्याचं ताट येतं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडाला गूळ किंवा साखर, वेलची, वर बदाम-बेदाणे, बाजूने फळं. लग्न असो, नवं घर असो, नवस फेडायचा असो, एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाने प्रार्थना होते आणि मग मलिदा वाटला जातो. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथून आकाशात गेला अशी श्रद्धा. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले असं सांगतात ते पूर्वज, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' पडलेलं नाव, गावावरून घेतलेली आडनावं, आणि ज्यू धर्मकथांची मराठी कीर्तनं. हे सगळं आपल्याच कोकणातलं. तरी आपल्या किती घरांत ते ठाऊक असतं? याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओमानमध्ये राहून एक गोष्ट जवळून कळली. एलियाहू इथल्या लोकांना इल्यास म्हणून ठाऊक आहे. सलालाजवळच्या डोंगरात नबी अय्यूब यांची कबर आहे, म्हणजे बायबलमधला इयोब. तिथे माणसं चपला काढून अदबीने आत जातात. अलिबागचा खडक आणि धोफारचा डोंगर, मध्ये एकच समुद्र. या नावांवर हक्क सांगणारे अनेक आहेत. नावांपुढे वाकणाऱ्यांचं त्यामुळे काही कमी होत नाही.

सिओना २०१६-१७ मध्ये पुन्हा निघाल्या, या वेळी इस्राएलला, भारतातून तिकडे गेलेल्यांचे चेहरे रंगवायला. तिकडच्या बेने इस्राएलांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. तिथल्या नातवंडांना आजीचं मराठी किती कळतं, ती मलिदा करताना कोणत्या भाषेत बोलतात, हे मला फार विचारावंसं वाटतं. कारण अझैब्यातल्या आमच्या घरांत तोच प्रश्न दुसऱ्या पिढीतच उभा राहिला आहे, आणि आमच्या आज्यांना समोर बसवून त्यांचं बोलणं टिपून घ्यायला अजून कुणी बसलेलं नाही.