डक्टच्या पलीकडचा पाइप

थंडी पडली की गॅस गीझरच्या बातम्या येऊ लागतात. बाथरूमचं दार आतून बंद, नळ चालू आणि आत माणूस बेशुद्ध, किंवा गेलेला. आपण हळहळतो आणि आपला गीझर विजेचा आहे म्हणून निश्चिंत होतो. पण दोन फ्लॅटच्या बाथरूमच्या झडपा पुष्कळदा एकाच डक्टमध्ये उघडतात. आपल्या खिडक्या बंद असतील आणि स्वयंपाकघरातली चिमणी चालू असेल, तर ती त्या झडपांतून डक्टमधली हवा घरात ओढून घेते.

एका परिचितांच्या घरी हे डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या गीझरचा धूर बाहेर सोडणारा पाइप तारेनं बांधलेला, सांध्यातून निसटलेला, त्याचं तोंड यांच्या झडपेपासून हातभरावर. भिंतीवर काजळीचा ओघळ. वरची पारव्यांची जाळी पिसांनी बुजलेली. परिचित म्हणाले, "रोज दिसतंय हो. पण सांगायचं कसं? इतक्या वर्षांचे संबंध आहेत. त्यांना वाटेल, उगाच कुरापत काढतायत."

काजळी धरते याचा अर्थ गॅस नीट जळत नाही. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणूस ते पित्तावर ढकलतो. "गॅस असता तर वास आला असता," हे तर हमखास ऐकू येतं. सिलिंडरमधल्या गॅसला वास येतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

शेजाऱ्यांच्या पुष्कळ गोष्टी सोसायच्याच असतात. सुक्या बोंबलांचा वास, पहाटेचा मिक्सर, दारातल्या चपला. त्यात मन मोठं ठेवणं हा शेजारधर्म आहे, आणि मी तो मनापासून मानतो. पण ज्यानं जीव जाऊ शकतो, तिथे गप्प बसण्याला मी मोठेपणा म्हणणार नाही. त्या बाथरूममध्ये शेजाऱ्यांची शाळकरी नात रोज अंघोळ करते. ती काही पाइप तपासायला जाणार नाही. तिच्या वतीनं बोलायला हवं, मग आजोबांना राग आला तरी चालेल.

सांगण्याची रीत मात्र आपल्या हातात असते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला की माणूस पाइप विसरतो आणि अपमान लक्षात ठेवतो. त्यापेक्षा संध्याकाळी घरी जावं, चहाला नाही म्हणू नये, "काका, जरा डक्टमध्ये बघता का माझ्याबरोबर?" एवढंच म्हणावं. "इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही," असं उत्तर येईल. तेव्हा वाद घालू नये. गीझर दुरुस्त करणाऱ्याला आपणच बोलवावं, पैसे अर्धे-अर्धे वाटून घ्यावेत. चूक त्यांची आणि पैसे आपले का, हा प्रश्न रास्त आहे. पण नवा पाइप बसेपर्यंत तो मला गौण वाटतो.

आणि तरीही ऐकलं नाही तर? आगीच्या आणि ज्वलनशील पदार्थांच्या बाबतीत दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या २८७व्या कलमाखाली गुन्हा आहे. कायदा असा बाजूनं असला तरी मी आधी सेक्रेटरींना लेखी कळवेन, खाली स्वतःची सही करेन आणि पत्र देण्यापूर्वी काकांना सांगेन, की उद्या देतोय. निनावी तक्रारीनं संपूर्ण मजल्यावर संशय पसरतो. घरात भाडेकरू राहत असतील तर मालकाच्या फोनची वाट न पाहता त्यांनाही त्याच दिवशी सांगावं. पाइप बसवला मालकानं, श्वास घेतात ती मुलं. तोवर आपली चिमणी लावताना एक खिडकी उघडी ठेवावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणावा. जमलं तर दोन, एक त्यांच्याकडे द्यायला.