तहनामा, गिरमिट आणि उचल

मार्च १७९५ मध्ये हैदराबादचा निजामअली खर्ड्याच्या भुईकोटात कोंडला गेला, बाहेर मराठ्यांच्या तोफा आणि आत पाण्याचा दुष्काळ अशा अवस्थेत त्याला तहाचे बोलणे लावावे लागले, आणि दौलताबादेसह मोठा मुलूख, ३ कोटी रुपये व खुद्द आपला दिवाण मशीरुल्मुल्क इतके सारे देण्याचे त्याने कबूल केले, ही हकिकत खर्ड्यात वाढलेल्या मुलाला कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. निंबाळकरांनी बांधलेल्या त्या तटाच्या सावलीत खेळता खेळताच ती त्याच्या कानी पडते. मलाही ती तशीच कळली, आणि पुष्कळ वर्षे मी तिच्याकडे केवळ विजयाची कथा म्हणून पाहत आलो. पुढे वाचन वाढले तसे मन विजयावरून तहनाम्याकडे वळले. दोन पक्ष कागदावर काही लिहून देतात, शिक्के उमटतात, आणि त्या घटकेपासून दोघेही बांधले गेले असे आपण धरून चालतो; हे धरून चालणे कशाच्या आधारावर उभे असते, हा प्रश्न मला सोडीना.

खर्ड्याच्या तहापुरते त्याचे उत्तर फार लवकर मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव निवर्तले, पुण्यात वारशाची कारस्थाने माजली, आणि निजामाचे पाठबळ मिळवण्यासाठी नाना फडणवीसांनी १७९६ मध्ये महाडास केलेल्या तहाने खर्ड्याला मिळवलेले बहुतेक सारे सोडून दिले. हाती बळ होते तोवर कलमे खरी होती. परंतु एवढे तरी म्हणता येते की, हा करार दोन दौलतींमधला होता. दोघांपाशी फौज होती, वकील होते, कारकून होते, आणि नको असलेले कलम नाकारण्याची शक्यता दोघांनाही होती.

याच रणभूमीवरून एक वाट हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाकडे जाते. निजामाच्या कवायती पलटणींचा सरदार रेमंड हा फ्रेंच होता. गव्हर्नर जनरल सर जॉन शोर याने या युद्धात तटस्थता पत्करल्यामुळे निजामाची निराशा झाली, आणि त्याने रेमंडचे बळ अधिकच वाढवले. कंपनी सरकारला फ्रेंचांचे जे भय वाटू लागले त्याला हे एक निमित्त. दुसरे असे की, १७९८ साली म्हैसूरच्या टिपूचे वकील त्या वेळी फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या मॉरिशसला गेले आणि तेथील गव्हर्नर मालार्तिक याने इंग्रजांविरुद्ध फौज मागण्याच्या त्यांच्या मागणीचा जाहीरनामाच काढला. त्याच वर्षी नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने हैदराबादची फ्रेंच पलटण मोडली. बेट राहिले होते. तेथून सुटणारी फ्रेंच जहाजे कंपनीची गलबते लुटीत. हिंदुस्थानातून निघालेल्या आणि हिंदी शिपायांचाही भरणा असलेल्या फौजेने डिसेंबर १८१० मध्ये तेही घेतले.

आणि येथेही पहिले काम झाले ते कागदाचे. शरणागतीच्या कलमांनी बेटावरील रहिवाशांची मालमत्ता, कायदे, रीतिरिवाज आणि धर्म यांना अभय दिले. वाचताना हे उदार वाटते. परंतु रहिवासी म्हणजे मळेवाले, आणि त्यांच्या मालमत्तेत त्यांच्या उसात राबणारी माणसेही मोडत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या औदार्याची किंमत कोणी मोजली ते दिसते. ज्यांच्याविषयी करार झाला ते करारात पक्ष नव्हते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर दास्यमुक्तीचा कायदा अंमलात आला तेव्हा नुकसानभरपाई मिळाली तीही मालकांना.

त्याआधी तीनच महिने, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात लागले होते. कलकत्त्याच्या न्यायाधिकाऱ्यासमोर त्यांच्याकडून करारनामा करून घेतला होता: मुदत ५ वर्षे, पगार दरमहा ५ रुपये, शिवाय शिधा आणि कपडा. मला कराराच्या कल्पनेच्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा क्षण हाच वाटतो. गुलामाला कोणी त्याची संमती विचारली नव्हती. या ३६ जणांना ती विचारली गेली, त्यांनी ती दिली, आणि नेमक्या त्या संमतीनेच ते बांधले गेले. पूर्वी जे काम चाबूक करीत होता ते आता सही करू लागली. फिजी, नाताळकडे गेलेल्या मजुरांनी ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ केले. आमच्या सुताराच्या हत्यारालाही आपण गिरमिट म्हणतो, शब्दाचे मूळ अगदी निराळे, पण लाकडात फिरत फिरत खोल उतरणारे ते हत्यार पाहिले की मला तो कागदच आठवतो.

पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, विशेषतः कोकणातले. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव आणि मराठी भाषा तेथे अद्याप राखली आहे. बेटावर ‘दुहेरी कपात’ नावाची चाल होती: एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार जाई. मुदत भरलेल्या माणसालाही परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसला तर भटक्या म्हणून कैद होई.

त्या माणसांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १८७१ मध्ये मुदत संपलेल्या ९,४०१ जणांनी आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याच्या साहाय्याने गव्हर्नरकडे फिर्याद केली, आणि इंग्लंडातून चौकशी आयोग आला. ज्यांना सहीने बांधले होते त्यांनीच आपल्या नावांची यादी करून सरकारला उत्तर मागितले, यात कराराची कल्पना प्रथमच उलट दिशेने वळली. तिला तर्काचे रूप दिले ते आमच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. ४ मार्च १९१२ रोजी कायदेमंडळात ही पद्धतीच बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला. माणूस सही करतो, परंतु तिकडे काम चुकल्यास दिवाणी नव्हे तर फौजदारी शिक्षा होते ही गोष्ट त्याला सांगितलीच जात नाही, मग हा करार कसला, असा त्यांचा रोख होता. हिंदी सदस्य पाठीशी असूनही सरकारी मतांनी ठराव पडला; पाच वर्षांनी भरती थांबली.

परंतु अजूनही दसरा जवळ आला की आमच्या खर्ड्याच्या बाजूला ऊसतोडीचे मजूर जमवायला मुकादम फिरू लागतात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी गणती. कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते, स्टँपपेपरवर अंगठा घेतला जातो, आणि हंगामात एक दिवस जरी काम चुकले तरी खाडा म्हणून रक्कम कापली जाते. दुहेरी कपातीविषयी प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो, कारण ‘खाडा’ हा शब्द मी लहानपणापासून दारात ऐकत आलो होतो. मॉरिशसच्या मळ्यावरचा मुकादम, ज्याला तेथे सरदार म्हणत, तोही असाच आपल्या गावी परतून आपल्याच माणसांची टोळी जमवीत असे. दिवाळीच्या सुमारास पोरेबाळे, भांडी, गोधड्या आणि शेळ्या घेऊन ट्रॅक्टर खर्ड्यातून जाऊ लागतात. त्या स्टँपपेपरवर एका बाजूला मजुराचे नाव असते, दुसऱ्या बाजूला मुकादमाचे. ऊस ज्याच्या गव्हाणीत पडायचा त्या कारखान्याचे नाव शोधीत मी अनेक कागद पाहिले आहेत.