तेज आणि योग्यता

केळापूर तालुक्यात कापूस वेचणीस येतो त्या दिवसांत, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, दिवस मावळल्यानंतर पूर्वेस ताऱ्यांचा एक लहानसा झुबका वर चढताना दिसतो. जागलीस शेतात राहणाऱ्या कास्तकारास तो ओळखीचा आहे. त्यासच कृत्तिका म्हणतात. मनुष्याची शक्ती किती थोडी आहे हे दाखविण्यासाठी ईयोबाच्या ग्रंथात ज्या ताऱ्यांच्या बंधाचा उल्लेख आहे, ते तारे हेच, असे पुष्कळ विद्वान मानतात.

नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास त्यांत सहा-सात तारे मोजता येतात. १६१० साली गालिलिओने दुर्बिणीतून पाहून ३६ ताऱ्यांचे चित्र छापले. आज ज्योतिःशास्त्रज्ञ ह्या पुंजात हजाराहून अधिक तारे गणतात. हे सर्व सुमारे १० ते १२ कोटी वर्षांपूर्वी एकाच मेघापासून जन्मले. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. त्याच्यापुढे ही सारी लेकरेच होत. ह्यांतील सर्वांत ठळक ताऱ्यास पाश्चात्त्य लोक अल्सायनी म्हणतात, व आपल्याकडे अंबा हे नाव देतात. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश तापलेला आहे, तर हिचा सुमारे १२,००० अंश. आणि हिचे तेज सूर्याच्या सुमारे दोन हजार पट आहे.

आता विचार करण्याजोगा प्रश्न असा की, एकाच मेघाची लेकरे असता एकास इतके तेज व दुसऱ्यास इतके थोडे का? आणि ज्याचे तेज अधिक त्याची योग्यताही अधिक काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जन्मकाळी ज्याच्या वाट्यास जितके द्रव्य आले, तितके त्याचे तेज. अंबेच्या वाट्यास सूर्याच्या पाच-सहा पट द्रव्य आले. तिने ते मिळविले नाही. मनुष्याची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तो मेहनतीनेही वाढतो. तथापि गोड गळा, तल्लख स्मरण, धीट स्वभाव ही ज्याच्याजवळ आहेत, त्यानेही ती विकत आणलेली नाहीत. मग गर्व कशाचा, आणि हेवा तरी कशाचा?

परंतु ह्या तेजाची किंमत द्यावी लागते. ज्या कास्तकाराच्या घरी शेजाऱ्याहून सहा पट कापूस आला, पण ज्याचा खर्च दोन हजार पट आहे, त्याचे घर किती दिवस चालेल? मोठ्या ताऱ्याचे तसेच होते. सूर्याचे सारे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे मानतात. अंबेसारख्यांचे थोड्याच कोटी वर्षांत आटोपते. उलट जे तारे लहान व तांबूस आहेत, ते सूर्याहूनही पुष्कळ अधिक काळ टिकतात. आणि दुसरे असे की, कृत्तिकांचा पुंज जो एकत्र राहिला आहे, तो त्यांतील सर्वांच्या परस्पर आकर्षणाने. त्या पुंजाच्या एकंदर द्रव्याचा मोठा भाग ह्या न दिसणाऱ्या ताऱ्यांतच आहे. जे दिसतात त्यांच्यावरून आपण पुंजास ओळखतो, परंतु जे दिसत नाहीत त्यांच्यामुळे तो पुंज राहतो. म्हणून तेज म्हणजे योग्यता नव्हे, हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय.

येथे कोणी म्हणेल, "ताऱ्यास आपली आग आवरता येत नाही, त्याचा दाखला मनुष्यास कसा लागू पडेल?" हे म्हणणे खरे आहे, आणि ह्यातच आमच्या सांगण्याचे सार आहे. ताऱ्याचे जळणे कोणी थांबवू शकत नाही. भावाचे थांबवू शकतो. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत काय होते ते पाहा. एखादा तरुण उपदेशक आवेशी निघाला की गायन त्यानेच शिकवावे, मुलांस त्यानेच वाचावयास लावावे, तहसिलीतला अर्ज त्यानेच लिहावा, दुखणाइताजवळ रात्रभर त्यानेच बसावे. बाकीचे उजेडात बसून त्याची स्तुती करितात. काही वर्षांनी तो थकला म्हणजे तेच लोक म्हणतात, ह्याचा आवेश थंडावला. आम्ही विचारतो, त्याचे तेल कोणी जाळले? ज्या कामास चार हात पुरले असते ते एकाच्या हातून करविणे ही त्याच्यावरील प्रीती नव्हे. तो आपला आळस होय.

कृत्तिकांविषयी आणखी एक गोष्ट सांगून पुरे करितो. त्या पुंजात श्वेतबटू म्हटलेला एक अति मंद तारा सापडला आहे. मोठे तारे आधी संपतात, ह्या नियमाने ज्ञाते असे ठरवितात की, तो जन्मतः फार मोठ्या ताऱ्यांपैकी होता. आज जे डोळ्यांस दिसतात त्यांच्याआधी तो जळून गेला. त्याची आग विझली, केवळ तापलेला गाभा उरला, व तो हळूहळू निवत आहे. मोठ्या दुर्बिणीवाचून तो दिसत नाही. तरी तो बाकीच्या ताऱ्यांबरोबर त्याच दिशेने, त्याच वेगाने चालला आहे, आणि कृत्तिकांतच गणला जातो.

तर बंधुभगिनींनो, आपल्या गावात जो एकदा फार जळला व आता मंद झाला आहे, त्यास आपण अजून आपल्यांत गणतो काय? ह्या आठवड्यात त्याच्या दारी जा. आणि जो आज तेजस्वी आहे, त्याच्या खांद्यावरचे एक ओझे उतरवून आपल्या खांद्यावर घ्या.