अपरिग्रह आणि शरीरयात्रा

पंडिता रमाबाईंचे आईवडील, अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई, हे दांपत्य १८५८ नंतर कित्येक वर्षे मुलांसह तीर्थोतीर्थी हिंडले. पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि दानधर्मात हात आखडू नये, हा त्यांचा नेम. १८७४ साली दुष्काळात दोघेही निवर्तले.

मग हा अपरिग्रह व्यर्थ काय? गीता भक्ताला ‘अनिकेत’ म्हणते. पण कर्मावाचून शरीरयात्राही चालत नाही, असे तीच बजावते. म्हणून गृहस्थाने स्वतःपुरते दारिद्र्य खुशाल पत्करावे; लेकरांच्या घासाची तरतूद मात्र परिग्रह नव्हे, तो धर्मच होय.

लक्ष्मीबाईंनी प्रवासातच कन्येला संस्कृत शिकविले. ती शिदोरी दुष्काळातही सरली नाही. १८७८ साली कलकत्त्यात तिच कन्या ‘सरस्वती’ पदवीने गौरविली गेली.