भिंतीचं पाणी

कोकण रेल्वेवर पावसाळा म्हणजे गस्तीचे दिवस. ही लाइन डोंगर कापून नेलेली, कटिंगच्या दोन्ही अंगांना जांभ्याचे आणि मातीचे उभे उतार. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ अशाच एका कटिंगमध्ये रुळांवर दरड आली, कारवारहून मुंबईकडे निघालेली गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्या वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तसाच प्रसंग आला. त्यानंतर उतारांना जाळ्या लागल्या, भिंती उभ्या राहिल्या, मुसळधार पावसात गाडी ताशी 40 किलोमीटरवर आणायचं ठरलं. तरीही रात्री हातबत्ती घेऊन रुळांवरून चालणाऱ्या माणसाची गरज संपली नाही.

गस्तीच्या अशाच एका टप्प्यावर, म्हणजे बीटवर, निवृत्तीला आलेले एक काका गस्त घालायचे. एका पावसाळ्यात त्यांच्या हाताखाली नवा पोरगा आला. पायांनी चपळ. काका अर्ध्या वाटेवर असायचे तेव्हा हा बीटच्या टोकाला पोचून पलीकडच्या गस्तवाल्याशी गस्तीच्या वहीची अदलाबदल करून मोकळा झालेला असायचा. पोरगा कामचुकार मुळीच नव्हता. लाल बत्ती, धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके, वही, सगळं जागच्या जागी. सांगितलेलं एकही काम तो चुकवत नसे, आणि पुष्कळ चांगली माणसं नेमकी इथेच थांबतात असं मला वाटतं.

काका मात्र एका कटिंगमध्ये रोज खोळंबायचे. संरक्षक भिंतीवर बत्तीचा झोत टाकून उभे राहायचे.

"काका, रुळांवर काहीच नाही. भिंतीत काय बघता?"

"भोकं मोज."

भिंतीतून पाणी निघायला ठेवलेली सात भोकं होती. पोरग्याने मोजली.

"तिसऱ्यातून जाड धार पडते, सहाव्यातून नुसती ठिबक. पाऊस वाढला की साती बोलायला लागतात. डोंगरात मुरलेलं पाणी इथून बाहेर पडतं. ते अडलं, तर मागे साचून भिंतीला रेटणार."

"पण हे वहीत कुठे लिहायचं?"

"वहीला एवढंच कळतं की तू इथून गेलास. जाताना काय बघितलंस, ते तिला कळत नाही. ते आपलं आपण स्वतःला विचारायचं, बाळा. तेवढ्यासाठी तर माणूस ठेवलाय."

पोरगा त्या रात्रीपासून तिथे थांबायला लागला. आधी काकांच्या मानासाठी, मग सवयीने. हळूहळू त्याला प्रत्येक धारेचा आवाज ओळखता येऊ लागला.

काका निवृत्त झाले. पुढच्या जुलैत एका रात्री पावसाने नुसतं झोडपून काढलं. पोरगा कटिंगमध्ये आला आणि थबकला. वरून पाणी कोसळत होतं, गटार भरून वाहत होतं, पण भिंतीची चार भोकं कोरडी होती. जाड धारेचं तिसरंही.

रूळ स्वच्छ होता. दगड नाही, माती नाही. समोरून गाडी यायची होती. पुढे चालत गेला असता तर नियमाने त्याला कोणी बोल लावू शकलं नसतं.

या लाइनवर साधारण दर किलोमीटरला टेलिफोनचं सॉकेट आहे. त्याने तिथून स्टेशन मास्तरांना फोन लावला.

"दरड आली?"

"नाही साहेब."

"मग रुळांवर काय आहे?"

"काही नाही. भिंतीचं पाणी थांबलंय. एवढ्या पावसात थांबायला नको होतं."

मास्तर क्षणभर बोलले नाहीत. मग त्यांनी गाडी स्टेशनातच धरली आणि सेक्शनच्या इंजिनियरांना उठवलं.

इंजिनियर आले, माणसं आली. भोकांत लांब सळई घातली. आधी गाळ निघाला, मुळ्यांचा गुंता निघाला आणि मग लाल पाण्याचा असा लोंढा फुटला की पुढचा माणूस मागे सरला. पाणी ओसरल्यावर भिंत तपासून गाडी अगदी सावकाश सोडली. ती बऱ्याच उशिरा गेली. डब्यातल्या माणसांनी नेहमीप्रमाणे रेल्वेच्या नावाने बोटं मोडली असतील, त्यांना काय माहीत!

त्या रात्री ती भिंत पडली असती का, हे कोणालाच सांगता येणार नाही. पोरग्यालाही नाही. टळलेल्या अपघाताचा पुरावा कधी सापडत नसतो, आणि तो सापडणार नाही हे ठाऊक असूनही त्याने फोन केला. मला त्याचं मोल यातच दिसतं.

सकाळी इंजिनियरांनी विचारलं, "भोकं बघायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"काकांनी."

"वहीत तर कुठे नाही हे."

पोरग्याने त्यांच्याच टेबलावरची पट्टी मागून घेतली. वहीच्या कोऱ्या पानावर एक रकाना आखला, वर 'भिंतीचं पाणी' असं लिहिलं आणि खाली त्या रात्रीची नोंद केली. इंजिनियरांनी ते पान वाचलं आणि सेक्शनमधल्या बाकीच्या वह्याही मागवून घेतल्या.