कॅप्शन वाचून ऐकणं

आज गीता १७.१५, वाणीचं तप. बोलणं कुणाला उद्विग्न न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, असं भगवंत सांगतात. मला एप्रिल २०२० आठवला. पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारलं. व्हिडिओत कुणीतरी 'शोएब' म्हणतंय, असं पोस्टवर लिहिलेलं. मलाही तेच ऐकू आलं. शिवऱ्याच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो. मग तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, शब्द 'ओय बस' आहे. अटकेतल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही. आता मंत्र्याचं तरी का मानायचं? पण त्यांनी नावांची यादी दिली होती, कुणालाही तपासता येईल अशी. माझ्याकडे काय होतं? ऑफिसात लॉग बघितल्याशिवाय बग मान्य न करणारा मी, इथे कॅप्शन वाचून ऐकत होतो! काल ती पोस्ट शोधून खाली लिहिलं, 'हे चुकीचं होतं.' दोघांनी हात जोडले, एक काका भडकलेत. त्यांना आज फोन करतो.