गौरव कोणाचा?

एखाद्याच्या गळ्यांत हार पडतो तेव्हां तो नेमका कोणाचा? ज्यानें काम केलें त्याचा, असें आपण चटकन म्हणतों. परंतु इटली देशांतील एदोआर्दो मांजारोत्ती ह्या तलवारबाजाचें चरित्र पाहिलें म्हणजे हें उत्तर अपुरें वाटूं लागतें.

त्याचा जन्म १९१९ सालीं मिलान शहराजवळील रेनाते गांवीं झाला. वडील जुझेप्पे हे स्वतः नामांकित तलवारबाज असून ह्या विद्येचे शिक्षक होते. मुलगा मूळचा उजवा. परंतु डावऱ्याशीं लढण्याची संवय थोड्यांनाच असते, म्हणून वडिलांनीं त्याला डाव्या हातीं तलवार धरावयास लाविलें. पुढें जगांत गाजलेला हात असा बापानें घडविलेला होता.

१९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत, वयाच्या सतराव्या वर्षीं, त्यानें इटलीच्या संघाबरोबर पहिलें सुवर्णपदक मिळविलें. महायुद्धामुळें १९४० व १९४४ चे सामने झालेच नाहींत. ऐन तारुण्याचीं वर्षें वायां गेलीं. तरी त्यानें तलवार खालीं ठेविली नाहीं. १९६० पर्यंत ६ सुवर्ण, ५ रौप्य व २ कांस्य अशीं एकंदर १३ पदकें त्यास मिळालीं. ऑलिंपिकांत इतकीं पदकें दुसऱ्या कोणाही तलवारबाजास मिळालेलीं नाहींत. २०१२ सालीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं, तो मरण पावला.

आतां ह्या तेरांचा हिशेब पाहा. नऊ पदकें संघाचीं, चारच एकट्याचीं. सहा सुवर्णपदकांपैकीं तर एकट्याचें एकच, १९५२ सालीं हेल्सिंकी येथें मिळालेलें. आणि तेथें दुसरा आला तो त्याचाच भाऊ दारिओ. १९५६ सालीं मेलबर्न येथें तिघे इटालियन बरोबरीस आले, पुन्हां लढले, व हा तिसरा ठरला. ज्या दोघांनीं त्यास मागें टाकिलें, तेच त्या वर्षीं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांत त्याचे सोबती होते!

कोणी म्हणेल, हात बापाचा आणि विजय सोबत्यांचा, तर मग त्याचें स्वतःचें काय राहिलें? राहिले ते श्रम. बापानें तलवार डाव्या हातीं दिली. परंतु चोवीस वर्षें ती उचलून धरणें हें बापाच्यानें होण्यासारखें नव्हतें. युद्धानें वर्षें हिरावून घेतलीं. पुन्हां उभें राहणें हें ज्याचें त्यानेंच करावयाचें होतें.

म्हणून दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्या. शिक्षण, संधि व सोबती हीं मनुष्यास मिळतात. श्रम त्यास करावे लागतात. दुसऱ्याच्या श्रमाचा मान नाकारणें हा अन्याय होय. आणि जें मिळालें तें स्वतःचें म्हणून मिरविणें हा लबाडीचा हिशेब होय. पुष्कळ वेळां आपण पहिला दोष शेजाऱ्याविषयीं व दुसरा स्वतःविषयीं करितों.

तर कोणी आपली स्तुति केली असतां खोट्या नम्रतेनें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. हार घ्यावा, मात्र त्याला किती हात लागले आहेत, हें मोजून घ्यावा.